धूर बघून ट्रॅक्टर काढून टाकू नका

नमस्कार श्रोतेहो.

मृग आठ दिवसांवर आलाय. ज्यांची नांगरट उरकली ते ढगाकडे बघतायत, ज्यांची राहिली ते भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला फोन लावतायत. आणि काही घरांपुढे स्वतःचाच ट्रॅक्टर उभा आहे. वीस-पंचवीस वर्षांचा, धूर ओकणारा. घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात इंजिनचं काम करून घेऊ, मुलगा म्हणतो काढून टाकू. आज मला या घरांशी बोलायचंय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, आणि पुढेही दोन-तीनदा सांगणार आहे, कारण रेडिओवरचं बोलणं मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. आधी दुखणं कळू द्या, मग भाव करा. दुखणं कळल्याशिवाय दुरुस्तीलाही हो म्हणू नका आणि विक्रीलाही.

हे मी आमच्या अण्णांच्या दारात शिकलो. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. गाव बार्शी तालुक्यात, वैरागजवळ. 12 एकर काळं रान. ज्वारी, तूर, हरभरा, अलीकडे सोयाबीन. 1992 साली अण्णांनी कर्ज काढून 35 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेतला. खंडेनवमीला सगळेच ट्रॅक्टरला हळदीकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. अण्णा त्याच दिवशी इंजिन ऑइल बदलायचे. आधी ऑइल, फिल्टर, मग माळ. आमच्या घरात ती रीतच पडली, आणि माझं म्हणणं आहे की ती गावोगाव पडावी. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

पण 2009 च्या दसऱ्याला अण्णांचं गुडघ्याचं दुखणं निघालं. ते सोलापूरला दवाखान्यात. दादाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, दुकान सांभाळून शेत बघायचं होतं. त्यानं रब्बीची सगळी कामं भाड्यानं उरकली आणि ट्रॅक्टर लिंबाखाली उभा राहिला. आठ महिने. वर ताडपत्रीसुद्धा नाही. मोटरसायकल ओसरीत आणि ट्रॅक्टर पावसात, हे चित्र मला आजही घरोघर दिसतं आणि दर वेळी पोटात तुटतं. घरात सगळ्यात महाग वस्तू तीच असते हो.

जून 2010. मृगाचा पहिला पाऊस बरा झाला. तिसऱ्या दिवशी रान वापशावर आलं, म्हणजे ओल बेताची होऊन काम करण्याजोगं झालं. वापसा काही आपल्यासाठी थांबत नाही. दादानं ट्रॅक्टर चालू केला, कुळव जोडला, बांध ओलांडला आणि वीस पावलांत इंजिन दबलं. काळा कुट्ट धूर. गिअर खाली घेतला तरी ओढेना. रिकामा ठेवला की घरघरतो, लोड आला की मान टाकतो.

तालुक्याहून फिटर आला. धूर बघितला, दोनदा रेस दिली आणि म्हणाला, "बोअर गेलाय. हाफ इंजिन करावं लागेल. पिस्टन, रिंगा, लायनर. 40,000 धरा, आठ दिवस धरा." बोअर म्हणजे इंजिनात पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी. आणि यानं बोनेटही उघडलं नव्हतं.

संध्याकाळी जुन्या ट्रॅक्टरची देवघेव करणारा एक एजंट दारात हजर. त्याला कुणी सांगितलं ते आजवर कळलं नाही. तो आला, भोवती फिरला, टायरवर लाथ मारली आणि म्हणाला, "आहे असा उचलतो. 55,000." खिशातून 5,000 काढून इसार म्हणून बाजेवर ठेवले. दादाची मान जवळजवळ हलली होती. इकडे 40,000 घालायचे, तिकडे 55,000 हातात येतायत, आणि वापसा चाललाय. त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतले असते.

अण्णा काठी टेकत बाहेर आले. त्यांनी नोटा उचलल्या, एजंटच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "सकाळी सांगतो." एवढंच.

रात्री त्यांनी मला मोटरसायकलवर शेजारच्या गावी पिटाळलं. तिथे एक म्हातारे मिस्त्री राहायचे. हात थरथरायचे म्हणून काम सोडलेलं. ते म्हणाले, "मी पाना धरणार न्हाई. बघतो फकस्त." सकाळी सहाला त्यांना मागे बसवून आणलं. रात्री सर येऊन गेली होती, धूळ बसलेली होती.

मिस्त्रींनी आधी धूर बघितलाच नाही. बाजेवर बसले, चहा घेतला आणि विचारलं, "उभा कवापासनं हाय?" दादा म्हणाला, दिवाळीच्या आधीपासून. "उभा राहिला तवा ओढत हुता का?" ओढत होता. "मग उभ्या-उभ्या बोअर कसा झिजंल?"

श्रोतेहो, हा प्रश्न नीट ऐका. उभ्या-उभ्या बोअर कसा झिजेल? आठ महिने न फिरलेलं इंजिन गंजेल, त्याचे पाइप कडक होतील, बॅटरी बसेल. पण झीज व्हायला चालावं लागतं.

मग त्यांनी ट्रॅक्टर चालू करायला लावला. ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर तळहात धरला. वाफेसारखा निळसर धूर थोडा येत होता. मान डोलावली. मग एअर क्लीनरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप त्यांनी दादाला काढायला सांगितला, चालू इंजिनवरच, घटकाभर. पाइप सुटला आणि इंजिनचा आवाज बदलला. रेस दिली, तर काळा धूर विरळ झाला. मला ते अजून कानात आहे. दम कोंडलेल्या माणसाला मोकळा श्वास मिळावा तसा आवाज.

इंजिन बंद केलं. एअर क्लीनर खाली घेतला. त्याच्या वरच्या नळीची टोपी कधीच पडून गेली होती, तोंड उघडं. मिस्त्रींनी आत तार घातली आणि ओढली, तर मातीचे ढेप बाहेर यायला लागले. कुंभारीण माशीनं घरं केली होती. बोटाएवढ्या गुळगुळीत मातीच्या नळ्या, एकीला एक चिकटलेल्या. एक फोडली तर आत पाच-सहा कोळी, पाय दुमडलेले, अळीच्या खाण्यासाठी कोंबून ठेवलेले. आणि खालच्या वाटीत धूळ धरून ठेवणारं ऑइल नव्हतंच, काळा चिखल होता, पळीनं काढावा लागला. इंजिनला हवाच मिळत नव्हती. डिझेल तेवढंच पडतंय, हवा निम्मी. मग ते अर्धवट जळणार आणि धूर काळाच होणार.

वाटी, जाळी डिझेलनं धुतली, खुणेपर्यंत नवं ऑइल भरलं, चिरलेला पाइप बदलला, नळीला टोपी बसवली. खर्च 600 रुपयांच्या आत. दुपारी दोनला कुळव रानात होता.

आता ही गोष्ट इथे संपवली तर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. जाताना मिस्त्री अण्णांना म्हणाले, "रिंगा थोड्या बसल्यात, अण्णा. झाकणातनं दिसलं मला. दोन-तीन हंगाम वढंल. कुळव, पेरणी, पाण्याचा टँकर, समदं करा. पलटी नांगर लावू नका. आन इकायचा तर चालता इका." म्हणजे फिटर अगदीच खोटं बोलला नव्हता. पण आजचं दुखणं वेगळं होतं आणि दोन वर्षांनी येणारं वेगळं. दोन्हींची गल्लत करून घाईत 55,000 ला ट्रॅक्टर गेला असता.

पुन्हा सांगतो. आधी दुखणं कळू द्या. काळा धूर असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, म्हणजे आधी एअर क्लीनर, मग डिझेलचं नोझल, पंप. निळसर धूर आणि ऑइल कमी होत असेल तर ऑइल जळतंय, तिथे रिंगांचा संशय घ्या. पांढरा धूर थंडीत घटकाभर आला तर चालतो, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट बघा. ऑइलपट्टीवर दुधाळ फेस दिसला तर इंजिन चालूच करू नका, पाणी ऑइलमध्ये शिरलंय. हायड्रॉलिक बघायचं असेल तर नांगर उचलून इंजिन बंद करा आणि बघत बसा. नांगर लगेच खाली आला तर लिफ्टमध्ये गळती आहे. हे सगळं फुकटात बघता येतं.

दुखणं कळलं की दुसरा प्रश्न: वर्षाला तुमचा ट्रॅक्टर चालतो किती तास? कृषी अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचं आयुष्य साधारण 10,000 तास आणि वर्षाला 1,000 तास काम असं धरतात. आपल्या 10-12 एकरवाल्याचा ट्रॅक्टर तेवढा चालतो का? अण्णांनी त्या वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तास लिहून ठेवले. रोजच्या चौकटीत, पेन्सिलीनं. वर्षाअखेर बेरीज आली 63.

2012 च्या उन्हाळ्यात रिंगांचं काम खरंच निघालं, तेव्हा अण्णा कॅलेंडर घेऊन बसले. हाफ इंजिनला 40,000. मागचे 13.6-28 मापाचे दोन्ही टायर गुळगुळीत, त्यांचे 30,000. म्हणजे 70,000 घालायचे. भाड्याचा ट्रॅक्टर तासाला 500, त्यात डिझेल आणि ड्रायव्हर त्याचाच. 63 तासांचे झाले 31,500. स्वतःचा चालवला तर डिझेलच 11,000 च्या पुढे. म्हणजे घरचा ट्रॅक्टर ठेवून वर्षाला वाचणार फार तर 20,000. घातलेले 70,000 फिटायला साडेतीन वर्षं, तोवर क्लच, पंप, बॅटरी काही निघालं नाही तर. अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "द्यायचा."

हाच हिशेब वर्षाला 300 तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला लावा. बचत 90,000 च्या घरात जाते आणि दुरुस्ती पहिल्याच वर्षी फिटते. तिथे विकण्यात अर्थ नाही. म्हणून शेजाऱ्यानं काय केलं ते बघू नका, तुमचे तास मोजा. तास मोजा.

पार्टचंही बघा. मॉडेल जुनं असलं तरी काही बिघडत नाही, पार्ट मिळायला हवेत. आयशरचा ट्रॅक्टर धंदा 2005 मध्ये टाफे या ट्रॅक्टर कंपनीकडे गेला, स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स 2007 मध्ये महिंद्रानं घेतली, पण त्यांचे ट्रॅक्टर बनत राहिले. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना मात्र 2016 मध्ये बंद करायचा निर्णय झाला. तसा ट्रॅक्टर घरात असेल तर इंजिन उघडण्याआधी पार्टच्या दुकानात जाऊन या.

आणि विकायच्या आधी रंग मारू नका. माझी ही जुनी तक्रार आहे. नवा रंग दिसला की जाणता गिऱ्हाईक आधी विचारतो, झाकलंय काय? त्या पैशात बॅटरी घ्या, सेल्फ म्हणजे स्टार्टर दुरुस्त करा. अर्ध्या चावीत चालू होणारा मळका ट्रॅक्टर रंगवलेल्या बंद ट्रॅक्टरपेक्षा कधीही जास्त भाव घेतो. बंद ट्रॅक्टरला भंगाराच्या काट्यावरचा भाव येतो. विकायचाच तर चालू विका. चालू विका.

अण्णांनी रिंगा बदलल्या नाहीत, गिऱ्हाइकाला सरळ सांगितलं की काम निघालंय. पण सेल्फ, बॅटरी, लायटी चालू करून दिल्या. परांड्याकडचा एक तरुण शेतकरी आला, स्वतः रानात चालवून बघितला आणि सौदा 95,000 ला ठरला. आणि तिथे गाडी अडली. कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता. वीस वर्षं कुणी बघितलंच नव्हतं. शिवाय नोंदणीची 15 वर्षं 2007 मध्ये भरलेली, पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरणही 2012 मध्येच संपत आलेलं. बँकेचा दाखला, बोजा उतरवायचा फॉर्म 35, नूतनीकरणाचा फॉर्म 25, हे करता-करता दोन महिने गेले. तो तरुण थांबला म्हणून बरं. आज घरी गेल्यावर आरसी बुक काढून बोजाचा रकाना बघा. ट्रॅक्टर विकायचा नसला तरी बघा.

मग मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30. विकणाऱ्यानं 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. गावाकडे कोऱ्या फॉर्मवर सही करून देतात आणि विसरतात. तसं करू नका. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, कायद्यानं तोच मालक. पाच जणांच्या हातून गेलेल्या तुमच्या ट्रॅक्टरनं कुणाला उडवलं तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येईल.

अण्णा त्या तरुणाबरोबर स्वतः आरटीओत गेले, गुडघा धरून जिना चढले, पोच घेतली आणि एसटीनं परत आले. काकूंनी सीटवरची गोधडीची घडी आधीच काढून घेतली होती. एअर क्लीनरला लागणारं ऑइल मात्र अण्णांनी अर्धा लिटर बाटलीत भरून त्याच्या टूलबॉक्समध्ये ठेवलं होतं, आणि टोपी पडली तर काय होतं ते त्याला दोनदा सांगितलं होतं.

नमस्कार.