गुणांकडून प्रयोगाकडे

पुण्यात चाकांवर आर्टिस्टिक स्केटिंग करणारी मुलं आज समोर आहेत, पालकही आहेत. म्हणून बर्फावरचा स्केटर स्पर्धा सोडून शोमध्ये गेला की काय बदलतं, तेवढ्यावरच बोलतो.

पूर्वी व्यावसायिक होणं म्हणजे सिंहगडावर सूर्याजीनं कापले तसे परतीचे दोर कापणं होतं, कारण पैसे घेऊन स्केटिंग करणाऱ्याला ऑलिंपिक बंद असे. नॉर्वेच्या सोन्या हेनीनं १९२८, १९३२ आणि १९३६ची ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली आणि मग ती शो आणि हॉलिवूडकडे वळली. टॉरव्हिल आणि डीन ही ब्रिटनची आइस डान्सची जोडी. ते १९८४मध्ये सारायेव्होला सुवर्णपदक जिंकून व्यावसायिक झाले. नियम सैल झाले तेव्हा कुठे ते १९९४च्या ऑलिंपिकमध्ये उतरू शकले आणि कांस्यपदक घेऊन गेले.

आता कामाचं. स्पर्धेचा बर्फ साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो, आणि फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेतलं लांबचं सादरीकरण, सुमारे चार मिनिटांचं. तिथे एकदा जीव ओतला की झालं. शोमध्ये तेच दिवसातून दोनदाही करावं लागतं, तेही कधी जहाजावर, जिथे बर्फ याच्या पावपटही नसतो. लुट्झ या उडीला उलटं जात लांब कमान घ्यावी लागते. छोट्या बर्फावर ती पुरी होण्याआधीच कठडा येतो. मग तिहेरी, म्हणजे हवेत तीन फेऱ्यांची, लुट्झ जाते आणि कमी जागेत बसणारे सॅल्को, टो लूप, दुहेरी ॲक्सेल हे उड्यांचे प्रकार येतात. ही पडती बाजू आहे असं मला मुळीच वाटत नाही. शेवटच्या रांगेतला माणूस हवेतले फेरे मोजत नाही, त्याला उंची दिसते. म्हणून एकेरी ॲक्सेलच उंच घेऊन हात-पाय क्षणभर उघडे ठेवतात आणि गिरकी उशिरा घेतात. ते करायला फार ताकद लागते!

गिरक्यांचं कथकशी नातं जोडू नका. कथकमध्ये नजर एका बिंदूवर ठेवून मान झटक्यानं फिरवतात. बर्फावर वेग इतका असतो की मान शरीराबरोबरच फिरते, आणि तोल पात्याच्या पुढच्या दात्यांच्या जरा मागे राहतो. तो मागे सरकला की गिरकी जागा सोडून भटकते.

खरी अडचण प्रकाशाची. स्पर्धेत सगळीकडे सारखा पांढरा उजेड असतो. शोमध्ये झोताबाहेर काळोख असतो, त्यामुळे कठडा दिसत नाही आणि निळ्या प्रकाशात बर्फावरचे ओरखडेही बुजतात. डोळ्यांवर भिस्त ठेवली तर उडी चुकणारच. ती संगीताच्या मात्रेवर आणि ठरलेल्या जागेवर बसवावी लागते: आधी पूर्ण उजेडात, मग अर्ध्या, शेवटी झोतात. झोत चालवणाऱ्यालाही ती मात्रा पाठ हवी.

आणि पोशाख. बर्फावर एक टिकली पडली आणि पात्याखाली आली, तर पातं थबकतं आणि माणूस पुढे फेकला जातो. टिकल्या सलग दोऱ्यात ओवल्या असतील तर धागा तुटताच ओळच्या ओळ खाली येते. म्हणून प्रत्येक टिकली दुहेरी दोऱ्यानं, वेगळी गाठ मारूनच शिवावी.