'आमचा काही करत नाही' म्हणण्याआधी : महाकाय कुत्र्याच्या घरात इवलेसे पिल्लू सांभाळताना

नमस्कार मंडळी. दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे आणि दरवर्षीप्रमाणे तुमचे प्रश्न येऊ लागले आहेत. बहीण गावी जाणार आहे, शेजारी सहलीला निघाले आहेत, त्यांचे दोन-अडीच महिन्यांचे टॉय पॉमेरेनियन किंवा चिवावाचे पिल्लू आठ-पंधरा दिवस आमच्याकडे राहणार आहे, आणि आमच्या घरी आधीच रॉटवायलर, सेंट बर्नार्ड किंवा ग्रेट डेन आहे, तर काय काळजी घ्यावी, असे तुम्ही विचारता आहात. माझ्या घरी भैरव नावाचा ग्रेट डेन आहे. त्याचे वजन 64 किलो आहे. गेल्या दिवाळीत माझ्या मावसबहिणीची जुई ही टॉय पॉमेरेनियनची पिल्ली 16 दिवस आमच्याकडे राहिली. ती आली तेव्हा 10 आठवड्यांची होती आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिचे वजन 900 ग्रॅम भरले होते.

प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक असतील, म्हणून त्या भराभर सांगते. पिल्लासोबत त्याचे लसीकरणाचे पुस्तक, त्याचे नेहमीचे खाणे आणि घरच्या वासाचे एखादे कापड मागून घ्या, कारण नवे घर आणि नवे खाणे एकदम आले की पोट बिघडते. मालकांशी संपर्क झाला नाही तर उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा आणि खर्च कोणी करायचा, हे आधीच बोलून ठेवा. गळ्यात कॉलर घालून ओढू नका, छातीवर बसणारे हार्नेस वापरा, कारण या छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते. लसींचे डोस साधारण 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होतात आणि 16 आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने द्यावे लागतात, त्यामुळे 10 आठवड्यांचे पिल्लू पूर्ण सुरक्षित नसते. पार्व्हो हा पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि तो बुटांवरून किंवा मोठ्या कुत्र्याच्या पंजांवरून घरात येऊ शकतो. म्हणून जुई असेपर्यंत चपला दाराबाहेर राहत होत्या आणि फिरून आल्यावर भैरवचे चारही पाय धुतले जात होते.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ करते आहे, त्या मुद्द्याकडे येते. मागच्या वेळी मी जुई आणि भैरव यांना वेगळे ठेवलेले दाखवले, तेव्हा त्याखाली अनेकांनी एकच वाक्य लिहिले होते : 'आमचा काही करत नाही.' कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक मराठी घरात हे वाक्य आहे आणि ते मनापासून म्हटले जाते. भैरवही काही करत नाही. माझ्या सासूबाईंच्या ताटाला त्याने कधी नाक लावले नाही, सोसायटीतली मुले त्याच्या अंगावर रेलतात. तरीही ही 2 जनावरे मी एका मिनिटासाठीसुद्धा एका खोलीत मोकळी सोडून बाहेर गेले नाही. कारण 'काही करत नाही' हे वाक्य स्वभावाबद्दल आहे आणि इथला धोका वजनाचा आहे.

हा हिशेब एकदा मांडून पाहा. 64 किलो आणि 900 ग्रॅम म्हणजे 70 पटींहून अधिक फरक. 60 किलोंच्या माणसाला हेच प्रमाण लावले तर त्याच्या शेजारी 4,000 किलोंहून जास्त वजनाचे जनावर उभे राहील, म्हणजे पूर्ण वाढलेला हत्ती. तो हत्ती कितीही माणसाळलेला असला, कितीही प्रेमळ असला, तरी त्याच्या पायांत आपण अंथरूण घालून झोपणार नाही. ग्रेट डेन खेळायला बोलावताना पुढचा पंजा जमिनीवर आपटतो, ते त्याचे आमंत्रण असते. तोच पंजा 900 ग्रॅमच्या पाठीवर पडला तर मणका मोडू शकतो, आणि त्या क्षणी कुत्र्याच्या मनात फक्त खेळ असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2021 साली आमच्या शेजाऱ्यांचे पिल्लू 2 दिवस माझ्याकडे होते. मी दोघांना हॉलमध्ये घेऊन बसले होते आणि अगदी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होते. दारावरची बेल वाजली आणि मी उठले. भैरवही उठला, कारण बेल वाजली की तो नेहमीच दाराकडे धावतो, आणि वळताना त्याचा मागचा पाय पिल्लाच्या पुढच्या पायावर पडला. गुरगुरणे नाही, चावणे नाही, त्याला तर काय झाले हेही कळले नाही. मला वाटते सगळे मिळून 5 सेकंदही गेले नसतील. पिल्लाच्या पुढच्या पायाची दोन्ही हाडे मनगटाच्या वरच्या बाजूला मोडली होती. डॉक्टरांनी मला तेव्हा समजावून सांगितले की या छोट्या जातींत नेमक्या त्या जागी हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिथले हाड सहज मोडते आणि जुळायला त्रास देते. प्लेट बसवावी लागली. पिल्लू पुढे नीट चालू लागले, पण त्या घरच्या लहान मुलीला फोनवर ती बातमी मला सांगावी लागली, आणि चूक सर्वस्वी माझी होती. मी खोलीत होते, जागी होते, लक्ष देत होते. तेवढे पुरेसे नसते, कारण आपला हात पोहोचायच्या आत पाय पडलेला असतो.

आता हीच गोष्ट दिवाळीच्या बाजूने पाहा. वर्षभर शांत असलेला कुत्रा सुतळी बॉम्बच्या आवाजाने बिथरतो, पलंगाखाली शिरतो, दाराला धडका देतो. त्या अवस्थेत त्याच्या वाटेत काय आहे, हे त्याला दिसत नाही. दुसरे असे की दुडूदुडू पळणारा आणि अचानक चिरक्या आवाजात किंचाळणारा इवलासा जीव पाहून कुत्र्याची शिकारीची उपजत प्रेरणा क्षणभर जागी होऊ शकते. आठ दिवस पिल्लाला चाटणारा कुत्राही त्या किंचाळण्याला वेगळा प्रतिसाद देऊ शकतो. तुम्ही म्हणता तो स्वभाव खराच असतो, पण तो रोजच्या परिस्थितीतला स्वभाव असतो, आणि सणाच्या घरातली परिस्थिती रोजची नसते.

म्हणून मधे अडसर हवा, आणि तो नीट हवा. लहान बाळांसाठी दाराच्या चौकटीत बसवायचे फाटक मिळते, ते घ्या. त्याच्या गजांमधून हे पिल्लू सहज निघून जाते, त्यामुळे फाटकाला खालपासून निदान दोन फूट उंचीपर्यंत बारीक जाळी तारेने बांधा आणि तारेची टोके पिल्लाच्या बाजूला येऊ देऊ नका. बाजारात घडीचे कुंपण मिळते, ते जमिनीवर नुसते उभे असते. मोठा कुत्रा प्रेमाने रेलला की ते सरकते आणि पिल्लावरच कोसळते, म्हणून अशा घरात त्याच्यावर विसंबू नका. गॅलरीच्या कठड्यालाही तीच जाळी बांधा. मोठा कुत्रा असलेल्या घरात गॅलरीचे दार उघडेच असते, कारण त्याला त्या गजांतून जाता येत नाही, आणि पाहुणे पिल्लू मात्र जाऊ शकते, हे आपल्या लक्षातच येत नाही.

काही जणांनी लिहिले आहे की हा त्या पिल्लाचा तुरुंगवास आहे. तसे नाही. जाळीतून दोघे एकमेकांना पाहत होते, वास घेत होते, दिवसाचा बराच वेळ जाळीच्या दोन बाजूंना झोपून काढत होते. पहिले 3 दिवस त्यांची ओळख एवढीच होती. चौथ्या दिवसापासून भैरवला भरपूर फिरवून आणल्यावर, तो पट्ट्यात असताना आणि जमिनीवर आडवा झालेला असताना, आम्ही दोन मोठी माणसे हजर राहून जुईला 5 मिनिटे त्याच्या खोलीत आणत होतो. पट्टा सैल असायचा, कारण ताणलेल्या पट्ट्याने कुत्राही ताणला जातो. तो उठून उभा राहिला की भेट संपत असे.

भेट घडवताना पिल्लाला हातात उचलून मोठ्या कुत्र्याच्या नाकापुढे धरू नका. ही गोष्ट मला फार खटकते, कारण तुमच्यापैकी अनेकांनी पाठवलेल्या चित्रफितींत नेमके हेच दिसते. हातातल्या पिल्लाला मागे सरकता येत नाही, तोंड फिरवता येत नाही, दूर जाता येत नाही. वरची वस्तू हुंगायला मोठा कुत्रा साहजिकच उडी मारतो, आणि मागच्या पायांवर उभा राहिलेला ग्रेट डेन तुमच्या-माझ्याहून उंच होतो. मग आपण घाबरून पिल्लाला आणखी वर नेतो, ते वळवळते आणि चार-पाच फुटांवरून फरशीवर पडते. पिल्लाला घ्यायचे असेल तर आधी आपण जमिनीवर बसावे आणि मग त्याला मांडीवर घ्यावे. घरातल्या मुलांना तर हा एकच नियम शिकवा : बसल्याशिवाय पिल्लू घ्यायचे नाही.

एका प्रेक्षकांनी कळकळीने विचारले होते की भैरव जुईवर गुरगुरला तेव्हा मी त्याला का रागावले नाही. ती त्याच्या अंथरुणाच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि त्याने आधी मान फिरवली, ओठ चाटले, झोप आलेली नसताना जांभई दिली, आणि या सगळ्याकडे माझे दुर्लक्ष झाल्यावर तो हलकेच गुरगुरला. गुरगुरणे ही त्याची सूचना आहे. तिच्याबद्दल शिक्षा केली तर कुत्रा सूचना द्यायचे सोडतो, त्याची नाराजी मात्र तशीच राहते, आणि मग पुढच्या वेळी मधली पायरी गाळून थेट दात येतात. मी जुईला उचलून दूर नेले आणि त्याच्या अंथरुणाची जागा बदलली. 'एकदा चापट बसली की पिल्लू शिकेल' असेही काही जणांचे म्हणणे आहे. दोन सारख्या आकारांच्या कुत्र्यांत ते कदाचित चालेल. इथे ती चापट शेवटची ठरू शकते.

खाण्याबद्दल मला थोडे थांबून सांगायचे आहे. इतक्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो आणि अंगावर स्नायूही कमी असतात, त्यामुळे एखाद-दुसरे खाणे चुकले तरी रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. दिवसा दर तीन-चार तासांनी त्याला थोडे थोडे खायला द्यावे लागते. जुईने तिसऱ्या रात्री जवळजवळ काही खाल्ले नाही. ती प्रवासाने दमली असेल, झोपू द्यावे, असे मला वाटले. पहाटे पाहिले तर ती उभी राहताना झोकांड्या खात होती आणि थरथरत होती. मी बोटाने तिच्या हिरड्यांवर मध चोळला, तिला टॉवेलात गुंडाळून ऊब दिली आणि तशीच डॉक्टरांकडे नेली. मध नसेल तर ग्लुकोजची पावडर थोड्या पाण्यात कालवून हिरड्यांना लावता येते. घशात काहीही ओतू नका, कारण अर्धवट शुद्धीतल्या पिल्लाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते. साखरविरहित म्हणून विकले जाणारे गोड पदार्थ तर अजिबात देऊ नका, कारण त्यांतल्या काहींमध्ये झायलिटॉल असते आणि ते कुत्र्यांना विष आहे.

जुई का खात नव्हती, ते मला त्यानंतर उमगले. तिची वाटी जाळीजवळ होती आणि पलीकडे भैरव उभा राहून टक लावून पाहत असे. त्याच्या डोळ्यांदेखत खायचे तिला धाडस होत नव्हते. वाटी आतल्या खोलीत, दार लावून ठेवली आणि ती त्याच दिवशी नीट खाऊ लागली. रात्री 11 वाजता आणि पहाटे 4 वाजता गजर लावून मी तिला भरवत होते. भैरवलाही तेवढाच निवांतपणा हवा होता. खोल छातीच्या या जातीत पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो, तेव्हा जेवणानंतर त्याची धावपळ होणार नाही, याकडे मी लक्ष देत होते.

धोका उलट दिशेनेही असतो. पिल्लासोबत आलेले छोटे चेंडू आणि रबरी खेळणी मोठा कुत्रा एका घासात गिळतो. ती आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियेची वेळ येते. जुईची खेळणी मी डब्यात मोजून ठेवत होते आणि रात्री पुन्हा मोजत होते. फराळाच्या चिवड्यातले मनुके, चॉकलेट आणि कांदा दोघांनाही घातक आहेत, फक्त 900 ग्रॅमच्या जिवाला त्यांची फार थोडी मात्रा पुरते.

जुई 16 दिवसांनी परत गेली तेव्हा तिचे वजन 1 किलो 120 ग्रॅम भरले. तिच्या वेळा, तिने खाल्लेले ग्रॅम आणि डॉक्टरांची चिठ्ठी मी वहीत लिहून बहिणीच्या हाती दिली. जाळी बांधलेले ते फाटक अजून चौकटीतच आहे, कारण यंदा जुई पुन्हा येणार आहे. ती आता दीड वर्षाच्या आतली, 2 किलो वजनाची कुत्री झाली आहे, आणि भैरव अजून 64 किलोंचाच आहे.