एकच लॅटिन नाव, दोन वेगळे जीव

मंडळी, वैज्ञानिक नाव म्हणजे जगात एकाच जीवाचं नाव, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खरं आहे, पण कुंपणाच्या आतपुरतं. वनस्पतींच्या नावांची नियमावली वेगळी, प्राण्यांची वेगळी. वनस्पतींची नावं मोजायला सुरुवात होते 1753 पासून, प्राण्यांची 1758 पासून. प्राण्यांत एकदा दिलेलं प्रजातीचं नाव (जीनस, म्हणजे दोन शब्दी नावातला पहिला शब्द; दुसरा जातीचा) दुसऱ्या प्रजातीला चालत नाही, पण तेच नाव एखाद्या झाडाला असेल तर त्याला कुणाची हरकत नाही.

आता फायकस घ्या. लॅटिनमध्ये अंजीर. मुंबईच्या रस्त्यावरचे वड, पिंपळ, उंबर सगळे फायकसच. पण अंजिराच्या आकाराचा पातळ शंख असलेली समुद्रगोगलगायही फायकस! इथवर नुसतं पहिलं नाव जुळलं. फायकस व्हेरिएगाटा मात्र पूर्ण जुळतं: आग्नेय आशियात उंबरासारखी खोडावर फळं धरणारं एक झाड, आणि एक गोगलगाय. दोन्ही नावं आपापल्या जागी वैध. नावाच्या शेवटी ते देणाऱ्याचं नाव येतं: झाडापुढे ब्लूम लिहितात, गोगलगायीपुढे रोडिंग, 1798. ओळख पटते ती या शेपटीवरून, म्हणून ती कधी गाळू नका.

शेपटीतला कंसही वाचायला शिका. फायकस फायकस या गोगलगायीपुढे (लिनिअस, 1758) असं कंसात येतं, कारण लिनिअसने तिला बुल्ला या प्रजातीत घातलं होतं. तिला पुढे कुणी हलवलं ते प्राण्यांत लिहीत नाहीत. वनस्पतींत लिहितात: पळसापुढे कंसात लामार्क आणि कंसाबाहेर टाउबर्ट. शिवाय फायकस फायकससारखं जोडनाव वनस्पतींत मुळीच चालत नाही.

हिवाळ्यात आपल्या खडकाळ किनाऱ्यावर दगड उलथून किडे शोधणारा टर्नस्टोन हा अरेनारिया, आणि पांढऱ्या फुलांची एक चिमुकली वनस्पतीही अरेनारिया. रणगोजा पक्षी ईनान्थे, तसंच एक पाणवनस्पतीही. ड्रॅकुन्क्युलस म्हणजे नारू, आणि अळू-सुरणाच्या कुळातली भूमध्यसागराकडची एक वनस्पतीही.

इंडिकाचं प्रकरण वेगळं. आंबा, चिंच, कडुनिंब, शेकरू सगळ्यांचं दुसरं नाव इंडिका, पण ते एकटं नाव नव्हेच. पहिल्या शब्दाशिवाय त्याला अर्थ नाही. ते पहिल्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून तीळ इंडिकम आणि पांढरी कोळंबी इंडिकस. नुसतं इंडिका शोधून यादी गाळली, तर हे दोघे निसटतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एक्सेलमध्ये. किनाऱ्याची आणि झाडांची नोंद एकाच तक्त्यात असते, कुणीतरी फक्त नावावर व्हीलुकअप (नाव शोधून त्याची माहिती आणणारं सूत्र) लावतं आणि ते पहिली जुळणारी ओळ उचलतं. गोगलगायीच्या ओळीत झाडाची माहिती येऊन बसते, आणि चूक दाखवणारा लाल रंगही येत नाही. म्हणून चार रकाने ठेवा: सृष्टी (वनस्पती की प्राणी), प्रजातीचं नाव, जातीचं नाव, नाव देणारा. जुळवणी करताना सृष्टी आणि नाव दोन्ही जोडून चावी बनवा.

देवनागरीत लिहिताना आणखी जपायला हवं. बोगनवेल आणि जवळपास त्याच नावाचा समुद्रातला एक हायड्रोझोआ (जेलीफिशच्या नात्यातला प्राणी) यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे; मराठीत दोन्ही ‘बोगनविलिया’च होतात. अशा ठिकाणी नावाआधी ‘वनस्पती’ किंवा ‘प्राणी’ लिहा आणि मूळ रोमन रूप तक्त्यात जपून ठेवा.