पेरणीनंतरचे पंधरा दिवस

(दृश्य: इंदूर, रामबाग. खुंटीला टांगलेलं पंचांग.)

जून लागला की आजी पंचांग काढायची. मृगाचं वाहन काय? बेडूक किंवा म्हैस निघाली की खूश, कोल्हा निघाला की कपाळाला आठी.

(दृश्य: देपालपूरकडचं शेत. मुठीत काळी माती.)

मामा माती मुठीत आवळतात, मूठ उघडतात. गोळा फुटत नाही. ओल खाली उतरलीय. सोयाबीनसाठी साधारण 100 मिलीमीटर पाऊस होऊ द्या, मग पेरा, असं शास्त्रज्ञ सांगतात. तेवढा झालाय. मामांना धास्ती आहे ती पुढची.
"पेरलं, अन् पंधरा दिवस उघडीप पडली तर?"
तर दुबार पेरणी. बियाणं, डिझेल, मजुरी, सगळं पुन्हा.

चार महिन्यांच्या पावसाची बेरीज अंदाजाइतकी बरोबर येऊनही पीक जाऊ शकतं. 2002 साली तर बेरीजही चुकली: अंदाज नेहमीसारख्या पावसाचा, आणि देशात जुलैचा पाऊस सरासरीच्या निम्म्याच्या आसपास.

(दृश्य: जामघाट. खाली धुक्यातला निमाड.)

इथे माळव्याचं पठार एकदम संपतं. पावसाचा अंदाज सुधारायला 2012 मध्ये मान्सून मिशन सुरू झालं. त्यातलं जागतिक मॉडेल, म्हणजे संगणकावर मांडलेलं साऱ्या पृथ्वीच्या हवामानाचं गणित, पृथ्वीचे सुमारे 38 किलोमीटरचे चौकोन पाडतं. एवढ्या चौकोनात हा कडा मावत नाही, नुसता उतार होऊन जातो. प्रादेशिक मॉडेल आपल्याच भागावर बारीक चौकोन टाकतं. घाट, दरी, नर्मदेचं खोरं त्यात उमटू लागतं. मात्र त्याच्या सीमेवरून आत येणारा वारा आणि बाष्प जागतिक मॉडेलच पुरवतं. तिथेच चूक असली, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मग उघडीप आधी कळते तरी कशी? पावसाचे पट्टे विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकतात, साधारण 30 ते 60 दिवसांच्या फेऱ्यांनी. ही चाल पकडली की दोन-तीन आठवडे पुढचं थोडंफार दिसतं. सुरुवातीची स्थिती जराजरा बदलून मॉडेल अनेकदा चालवतात. बहुतेक वेळा कोरडंच आलं, तर ओढीची शक्यता जास्त. अमुक तारखेला तुमच्या बांधावर पाऊस पडेल, असं महिनाभर आधी कुणी छातीठोक सांगितलं, तर त्यापेक्षा आजीचा बेडूक बरा.

(दृश्य: संध्याकाळ. मामांच्या हातात मोबाईल.)

दुसऱ्या आठवड्यात पाऊस कमी राहण्याची शक्यता.
मामा निम्मंच रान पेरतात. उरलेल्या बियाण्याच्या गोण्या ओसरीवर, भिंतीला लावून ठेवतात.