ओला रस्ता आणि मागची चाकं

नमस्कार, श्रोतेहो.

४ ऑगस्ट १९६८. जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर पाऊस कोसळत होता आणि धुकं तर असं, की पुढच्या गाडीने उडवलेलं पाणी दिसायचं, गाडी नाही. जवळजवळ २३ किलोमीटरचा एक फेरा, आणि असे १४ फेरे. जॅकी स्टुअर्टने ती फॉर्म्युला वन शर्यत जिंकली. दुसरा आलेला ग्रॅहम हिल त्याच्यानंतर चार मिनिटांहून जास्त वेळाने पोचला. स्टुअर्टच्या दुखावलेल्या मनगटाला आधार बांधलेला होता. त्याच्या मात्रा कंपनीच्या गाडीत ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नव्हतं, चाकं नुसती गरगरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल नव्हतं, आणि इंजिनाची सगळी ताकद जात होती मागच्या दोन चाकांकडे. चार मिनिटांचं हे अंतर स्टुअर्टच्या कसबातून आलं यात शंका नाही, पण त्याच्या गाडीखाली डनलपचे पावसाळी टायर होते आणि त्या पाण्यात ते फार उजवे ठरले, हेही तितकंच खरं.

आज मला बोलायचंय ते मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारबद्दल. कोरड्या रस्त्यावर लाडाने वागणारी ही गाडी पावसात अंगावर येते, तेव्हा तिच्यात काय बदलावं? सवयीने सगळ्यांचा हात गाडी कडक करण्याकडे जातो. कडक स्प्रिंग, कडक शॉकॲब्जॉर्बर, वळणात गाडी कलू न देणारा जाड अँटीरोल बार, शिवाय ट्रॅकवरचे टायर. ओल्या रस्त्याला यातलं काहीच नको असतं. त्याला हवी असते मऊ गाडी, आणि तिच्या पेडलवर मऊ पाय.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहू. गाडी कितीही महाग असो, रस्त्याला ती टेकते चार तळहातांएवढ्या जागेवर. चांगल्या कोरड्या डांबरावर त्या जागेचा घर्षणांक ०.९ च्या आसपास धरा, ओल्यावर ०.६. ताशी १०० किलोमीटरवरून गाडी थांबवायला, तुमच्या पायाला लागणारा वेळ सोडून, कोरड्यावर साधारण ४४ मीटर लागतील आणि ओल्यावर ६६. ही गोष्ट सगळ्याच गाड्यांची. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं दुखणं याच्या पुढचं आहे. तिथे मागच्या टायरला दोन कामं एकाच वेळी करावी लागतात, गाडीला पुढे ढकलायचं आणि वळणात शेपटी जागेवर धरून ठेवायची. दोन्हींसाठी पकड एकच. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखलं जाणारं वर्तुळ हेच दाखवतं. वळणासाठी टायरने ८० टक्के पकड वापरली, तर ढकलण्यासाठी किंवा रोखण्यासाठी ६० टक्के उरते. ही बेरीज १०० होत नाही, कारण हिशेब वर्तुळाचा आहे, दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज १०० च्या वर्गाएवढी. पण वळणासाठी ९५ टक्के वापरली, तर उरते जेमतेम ३१. म्हणजे शेवटच्या टप्प्यात वेग थोडासाच वाढवला तरी शिल्लक निम्म्यावर येते. कोरड्यावर हे वर्तुळ मोठं असल्यामुळे चुका पोटात घालतं. ओल्यावर ते आक्रसतं, इंजिन मात्र तेवढंच राहतं.

आता टायर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पावसातल्या सुधारणेचा मोठा वाटा इथेच आहे, आणि नेमका इथेच लोक हात आखडता घेतात.

रस्त्यावर साचलेलं पाणी टायरच्या खाचांतून बाहेर जावं लागतं. ते वेळेत गेलं नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो. हा वेग किती, यासाठी नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरांवरून एक सोपं सूत्र काढलं होतं. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, त्याला १०.३५ ने गुणा. ताशी मैल मिळतील. ३२ पीएसआयला उत्तर येतं ताशी सुमारे ९४ किलोमीटर, आणि २४ ला सुमारे ८२. मोटारीच्या टायरला हे जसंच्या तसं लागू होत नाही. खाचांची खोली, टायरची रुंदी, पाण्याची जाडी यांनी आकडा वर-खाली होतो. पण दिशा पक्की कळते. हवा कमी केली की तरंगण्याचा वेगही खाली येतो. 'पावसात पकड वाढावी म्हणून हवा थोडी सोडा' हा सल्ला वाळूत चालेल, साचलेल्या पाण्यात तो उलटा पडतो. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेला दाब, थंड टायरवर मोजलेला, एवढं पाळलं तरी पुरे.

खाचांचं म्हणाल तर नव्या टायरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोली असते. बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. मला ती मर्यादा स्पोर्ट्स कारसाठी निरर्थक वाटते. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला रुंद टायर मी पावसात मागे ठेवणार नाही, कायदा काहीही म्हणो. रुंद म्हणालो ते मुद्दाम. रुंद टायर पाण्यावर आडव्या फळीसारखा वागतो, अरुंद टायर पाणी कापत जातो. त्यात या गाड्यांना बहुतेक वेळा मागे पुढच्यापेक्षा रुंद टायर असतात. सरळ रस्त्यावर पुढची चाकं पाणी बाजूला सारतात आणि मागची त्याच वाटेने येतात, पण मागच्या टायरची जास्तीची रुंदी न सारलेल्या पाण्यावरच पडते. दिसायला भारी म्हणून मागे आणखी एक साईज वाढवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

चारपैकी दोनच टायर बदलायचे झाले तर नवे मागे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि हातात काहीतरी राहतं. मागचे घसरले तर ती गोल फिरते. पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे टायर, हा प्रयोग तर करूच नका.

रबराची जातही बघायला हवी. खाचा कमी आणि रबर उष्णतेसाठी बनवलेलं, असे सेमी-स्लिक टायर कोरड्या ट्रॅकवर अप्रतिम. थंड पावसात ते तापतच नाहीत आणि चिकटतही नाहीत. साधे उन्हाळी टायरसुद्धा तापमान ७ अंशांच्या आसपास उतरलं की कडक व्हायला लागतात. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या बाजूवर असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खाचा शिल्लक असलेला, पण वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये उभा राहून वाळलेला टायर फसवा असतो, आणि कमी चालणाऱ्या स्पोर्ट्स कारना हाच आजार जास्त. युरोपात २०१२ पासून टायरच्या लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी असते. ती जरूर बघा, पण ती ठरते मुख्यतः सरळ रेषेतल्या ब्रेकिंगवरून. वळणात हा टायर हळूहळू सुटेल की एकदम, हे तिच्यावरून कळत नाही. आणि या गाडीत नेमकं तेच महत्त्वाचं. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी ८६ आणली तेव्हा तिला २१५ मिलिमीटर रुंदीचे, प्रियस या तिच्याच इंधन वाचवणाऱ्या गाडीवरही दिले जाणारे साधे टायर दिले होते. पुष्कळांनी नाकं मुरडली. पण ती गाडी कमी वेगातच सुटायची आणि सुटताना सांगून सुटायची. मला तो निर्णय अजून आवडतो.

टायरनंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. खर्च सगळ्यात कमी आणि फरक लगेच जाणवणारा. मागच्या चाकांचे पुढचे काठ किंचित आत वळलेले असावेत, ज्याला गॅरेजमध्ये टो-इन म्हणतात. त्यामुळे शेपटी स्थिर राहते. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश झिजून किंवा खड्ड्यात आदळून तोच टो बाहेर गेला, तर कोरड्यावर गाडी 'जरा चपळ' वाटते आणि ओल्यावर तिचा भरवसा संपतो. होंडा एस २००० च्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये मागचं चाक दबलं की टो बदलायचा. २००४ च्या मॉडेलमध्ये होंडाने मागच्या सस्पेन्शनची भूमिती सुधारून तो बदल कमी केला. तेव्हा 'पावसात मागून अचानक सुटते' अशी तक्रार असेल, तर सुटे भाग मागवण्याआधी मागचे बुश बघून घ्या आणि चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. फक्त पुढच्या दोन चाकांचं केलेलं अलाइनमेंट इथे उपयोगाचं नाही.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. शर्यतीतले संघ पाऊस आला की स्प्रिंग आणि बार मऊ करतात, हे काही उगाच नाही. मऊ गाडीत वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सावकाश सरकतं आणि टायरला बसणारा झटका सौम्य होतो. तुमच्याकडे कमी-जास्त करता येणारा मागचा अँटीरोल बार असेल, तर तो एक घर मऊ करा. शॉकॲब्जॉर्बरला कडकपणा कमी-जास्त करायचे खटके असतील, तर तेही मऊ बाजूला घ्या. गाडी पुढून थोडी जास्त घसरू लागेल, वळणात आळशी वाटेल. पावसात मला ती तशीच हवी असते. मागचा मोठा विंग मात्र विसरा. शहरातल्या वेगाला तो फक्त दिसतो.

डिफरेन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या भागाचा प्रश्न जरा गमतीचा आहे. साधं डिफरेन्शियल असेल तर वळणात आतलं चाक नुसतं गरगरून ताकद वाया घालवतं, पण बाहेरचं चाक न घसरता शेपटी धरून राहतं. कडक बसवलेलं क्लचवालं लिमिटेड स्लिप दोन्ही चाकांना एकत्र फिरवतं, आणि दोन्ही एकदम सुटली की शेपटीला धरायला कुणीच उरत नाही. कोरड्यावर वरदान असलेला हा भाग पावसात अशा तऱ्हेने उलटू शकतो. रस्त्यावर वापरायच्या गाडीत मी हलक्या प्रीलोडचं, म्हणजे मुळात कमी आवळलेलं, किंवा गिअरवालं, टॉर्सन जातीचं डिफरेन्शियल पसंत करेन.

इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजने बाजारात आणली. ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करते. नवी पकड काही निर्माण करत नाही. २०१९ च्या पोर्शे ९११ मध्ये तर पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनी टिपणारे सेन्सर आहेत. उडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता ओला आहे हे ते ओळखतात आणि चालकाला 'वेट' मोड सुचवतात. त्या मोडमध्ये ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद बोथट होतो. इतकं महाग तंत्रज्ञान शेवटी काय करतं, तर पाय मऊ करतं. स्थिरता यंत्रणा बंद करून ओल्या रस्त्यावर हिंडण्यात शौर्य नाही.

आणि आता तो पाय. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडणं, ही या गाडीतली सगळ्यात महागात पडणारी हालचाल. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि इंजिनाचा ब्रेक लागतो तोही त्याच हलक्या चाकांना. जुन्या ९११ गाड्यांची बदनामी झाली ती यातूनच. त्यांचं तर इंजिनही मागच्या धुऱ्याच्या मागे. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ रेषेत कमी करा. गिअरही तिथेच उतरवा, आणि क्लच सोडताना इंजिनाचे फेरे चाकांच्या वेगाशी जुळवा, नाहीतर तो झटका म्हणजे मागच्या चाकांना हँडब्रेक मारल्यासारखंच. वळणातून बाहेर पडताना एक गिअर वरचा ठेवा. टर्बो इंजिन असेल तर आणखीच जपा, कारण तुम्ही मागितलेली ताकद थोडी उशिरा आणि एकदम येते. स्टीअरिंग जसजसं सरळ होईल तसतसा पाय दाबायचा.

रस्त्यावर नजर ठेवायच्या जागाही ठरलेल्या आहेत. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं, पुलांचे सांधे, ओली पानं. बऱ्याच कोरड्या दिवसांनंतरची पहिली सर सर्वांत धोक्याची, कारण तेल आणि धूळ वर येते पण वाहून गेलेली नसते. साचलेल्या पाण्यात स्टीअरिंग हलकं लागलं तर पुढची चाकं, आणि वेग न वाढता इंजिनाचे फेरे चढले तर मागची चाकं तरंगली असं समजा. पाय सावकाश उचला, स्टीअरिंग सरळ धरा, ब्रेक नको. चाकं वळवून ठेवली आणि पकड परत आली, तर गाडी त्या दिशेला उडी मारते. क्रूझ कंट्रोल पावसात बंदच बरा.

तरीही शेपटी सुटलीच, तर ती ज्या बाजूला जाते त्याच बाजूला स्टीअरिंग वळवायचं हे सगळ्यांना पाठ असतं. विसरतं ते पुढचं. पकड परत येत असताना स्टीअरिंग तितक्याच लवकर सरळ करावं लागतं, नाहीतर गाडी दुसऱ्या बाजूला झोका घेते, आणि हा झोका पहिल्यापेक्षा मोठा असतो. डोळे जिथे जायचंय तिथे ठेवले की हात बऱ्यापैकी आपोआप चालतात. हे वाचून किंवा माझं ऐकून येणार नाही. पाणी मारलेल्या, बंदिस्त सरावाच्या मैदानावर, शिकवणारा शेजारी बसवून, कमी वेगात हे करून बघा. गाडीत बदल करत असाल तर तीही तिथेच तपासा, एका वेळी एकच बदल करून. टायर, अलाइनमेंट आणि बार एकाच दिवशी बदलले, तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

नमस्कार.