जुना कुकी प्रेस आणि आपला सोऱ्या

नमस्कार मंडळी! सांगली, मिरज, तासगाव, जिथं कुठं रेडिओ लावून बसला असाल तिथं सगळ्यांना नमस्कार.

आज कुकी प्रेसबद्दल बोलू. अ‍ॅल्युमिनियमची नळी, वर फिरवायची मूठ, आत दट्ट्या आणि डबीभर चकत्या, कुठं फूल, कुठं झाड. जर्मनीत आणि स्वीडन-नॉर्वेकडं नाताळात यातनं स्प्रिट्झ कुकीज, म्हणजे बटरची नक्षीदार बिस्किटं, काढतात. अमेरिकेत मिरो कंपनीचे जुने प्रेस अजून लोक जपून ठेवतात, आणि तिकडनं येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतनं एखादा आपल्याकडंही येतो. बघितल्यावर कुणीही म्हणेल, अहो हा तर सोऱ्याच!

पण इथंच घोळ होतो बघा. चकलीचं पीठ सोऱ्यातनं पडतं आणि ती कागदावरनं अलगद सुटावी म्हणून आपण तेलाचा हात फिरवतो, आणि कुकीचं सगळं उलटं, तिनं ट्रेला धरायचं असतं. म्हणून ट्रेला तूप नाही, तेल नाही, बटरपेपरसुद्धा नाही, ट्रे कोरा आणि गार. प्रेस सरळ उभा ट्रेला टेकवायचा, मूठ थोडी फिरवायची, पीठ ट्रेला चिकटलं की मूठ जराशी मागं घेऊन प्रेस वर उचलायचा. हवेत धरून पाडायला गेलात की फुलाचा गोळा झालाच म्हणून समजा.

माप साधं आहे. बटर २२५ ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, मैदा २८० ग्रॅम, एक अंडं, थोडं व्हॅनिला. अंडं चालत नसेल तर दोन-तीन चमचे दूध घाला. दुकानातलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, वरनं मीठ नको. बटर मऊ हवं, वितळलेलं नको, आणि सांगलीच्या मे महिन्यात ते टेबलावर ठेवलं की पाचच मिनिटांत पसरतं, त्यामुळं माझं मत विचाराल तर हा थंडीतल्या सकाळचा उद्योग आहे. पीठ सैल झालं तर थोडा वेळच फ्रिजमध्ये ठेवा, कारण दगडासारखं घट्ट पीठ जोर लावून दाबलं तर जुन्या मुठीचे आटेच जातात, आणि ते पार्ट आता कुठं शोधणार?

ओव्हन १९० डिग्रीला, आठ ते दहा मिनिटं, कडा जरा सोनेरी झाल्या की बाहेर. दिवाळीला नानकटाई भाजायला बेकरीत नेतो तशा नेणार असाल तर पाव निघाल्यावर भट्टी जरा उतरू द्या, आणि ट्रे घरचाच न्या, बेकरीतले तेलकट असतात. दुसरा घाणा गरम ट्रेवर घालू नका, बटर लगेच सुटतं.

आणि हो, धुताना सोडा लावू नका हं, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं. कोमट पाणी, मऊ फडकं, आणि चकत्या लगेच पुसून त्याच डबीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी, नाहीतर त्यातलं झाड पहिलं गायब होतं.