सेल्फ फिरतो, फायरिंग नाही

(दृश्य : जांबोटी–कणकुंबी रस्ता. धो-धो पाऊस. घरासमोर उभी जुनी ओम्नी.)

मलप्रभेच्या उगमाचं हे कणकुंबी. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडं निघालं की पावसाळ्यात इथं सगळंच ओलं असतं. रात्रभर अंगणात भिजलेली कार्बोरेटरची ओम्नी सकाळी अडून बसते. किल्ली फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिनला फिरवणारी स्टार्टर मोटर, फिरतो, इंजिन मात्र फायरिंग घेत नाही, म्हणजे पेट घेत नाही. मेस्त्रीला फोन लावला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सेल्फ जोरात फिरतोय काय?"

सेल्फ कण्हत फिरत असेल तर आधी बॅटरी बघायची. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला, तर सगळा जोर सेल्फच खातो आणि ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या कॉइलच्या वाट्याला काही उरत नाही.

सेल्फ ठणठणीत आहे? मग करंट कुठं अडतोय ते शोधायचं, आणि शोध ठिणगी पाडणाऱ्या प्लगपासून उलटा, कॉइलकडं घ्यायचा.

(दृश्य : पुढची सीट उचलली जाते, खाली इंजिन.)

एक प्लग काढून हुंगा. पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी पडत नाही. अगदी कोरडा असेल तर दोष बहुधा पेट्रोलच्या बाजूला.

ठिणगी बघायला जादा प्लग वापरा. इंजिनचा प्लग जागेवर बसवून ठेवा, म्हणजे त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. जादा प्लग वायरला लावा, त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, रबरी मुठीच्या पक्कडीनं धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हात लावू नका, इथं हजारो व्होल्टचा दाब असतो. ठिणगी निळी, कडक, चटचट वाजणारी हवी. पिवळट, मलूल ठिणगी असेल तर सिलिंडरच्या आत, हवेच्या दाबाखाली, ती टिकत नाही.

ठिणगीच नाही? पावसाळ्यात पहिला संशय डिस्ट्रिब्युटर कॅपवर, म्हणजे कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाच्या झाकणावर घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून कॅपच्या क्लिपा काढा.

(दृश्य : कॅपचा आतला भाग, अगदी जवळून. भिंतीवर घामासारखे थेंब.)

आतल्या धुळीवर ओल बसली की तिचीच वाट होते. करंट प्लगपर्यंत जायचं सोडून या ओल्या थरावरून परस्पर बॉडीत उतरतो. अंधारात सेल्फ मारला तर कॅपवर, वायरींवर निळसर उजेड सरपटताना दिसतो. कोरड्या सुती फडक्यानं कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर, कॉइलचं तोंड आणि तिन्ही प्लग वायरी पुसा. वायरी एकदम उपटू नका. या इंजिनची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२ आहे, अदलाबदल झाली की नवीनच दुखणं. पुसताना कॅपच्या आत झाडाच्या मुळीसारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ती कार्बनची वाट आहे. पुसून, घासून ती जात नाही. कॅप बदला.

कॅप कोरडी, तरी ठिणगी नाही? जुन्या पॉइंटवाल्या गाडीत (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं) कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला टेस्ट लॅम्प लावा, लॅम्पचं दुसरं टोक बॉडीला. सेल्फ मारताना लॅम्प लुकलुकला पाहिजे. सारखा पेटलेला किंवा सारखा विझलेला राहिला, तर पॉइंट बघा. गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर, पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीनं मोजायची. पॉइंट जळून खडबडीत झाले असतील तर पॉइंटवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सरही बदला, नाहीतर नवे पॉइंटही तसेच जळतील. लॅम्प लुकलुकतोय, तरी ठिणगी नाही, तर बहुधा कॉइलच गेलेली असते.

(दृश्य : अथणीजवळ उन्हात थांबलेली गाडी.)

कोरड्या मुलखात कॉइलची वेगळी खोड दिसते. गाडी तापली की बंद पडते, अर्ध्या तासात थंड झाली की काही झालंच नाही अशी चालू होते. अशी कॉइल गरम असतानाच तपासा, थंड झाल्यावर ती मीटरवरही चांगलीच दिसते.

इंजेक्शनवाल्या नव्या गाडीची वायर उघडी ठेवून सेल्फ मारू नका, कॉइल किंवा कंट्रोलर, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो. डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा लुकलुकत असेल, म्हणजे गाडी किल्ली ओळखत नसेल, तर आधी दुसरी किल्ली लावून बघा. सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा जागचा हललाच नाही, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कंट्रोलरला कळवणारा) आणि त्याचं कनेक्टर तपासा. कनेक्टरच्या पिना हिरवट पडलेल्या असल्या, तर सेन्सर विकत घेण्याआधी त्या साफ करून बघा.